बऱ्हाणपूर : तह, स्वाऱ्या आणि कापड

बऱ्हाणपूर (बुरहानपूर) : मध्य प्रदेशातील त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या २,१०,८८६ (२०११). तापीच्या उत्तर तीरावर, असीरगडाच्या दक्षिणेस सुमारे २० किमी.; रेल्वे स्थानक भुसावळ–खांडवा मार्गावर. खानदेश, वऱ्हाड आणि निमाड यांच्या सांध्यावर वसलेले हे गाव. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांची आणि सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्या मालाची वाट एकच असल्याने पेठ व छावणी येथे शेजारी नांदल्या. महाल-मकबऱ्यांची वर्णने इतरत्र विपुल आहेत. येथे तह, कर आणि कापड यांना अधिक जागा दिली आहे.

फारुकी काळ : खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान याने १४०० च्या सुमारास शहर वसवून त्यास सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या तीरावरील झैनाबाद हे संत झैनुद्दीन यांच्या नावाचे. राजा अलीखानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत लेखही आहे. पुढे याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फार्सी लेख कोरला गेला, हे नोंदण्यासारखे.

मोगल काळ : जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला व खानदेश मोगल सुभा झाला. किल्ला लढून पडला की फितुरीने, याविषयी समकालीन लेखकांत एकवाक्यता नाही. अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, डोंगरातले झिरपे भुयारांतून शहरात आणण्याची योजना (कुंडी भंडारा) आकारास आली. त्याच वर्षी इंग्रज वकील टॉमस रो येथे शाहजादा परवेझला भेटला. खानजहान लोदीच्या बंडामुळे १६३० पासून शाहजहानचा मुक्काम येथे होता. तेव्हाच गुजरात-दख्खनेत दुष्काळ पडला. दरबारी बखरकार लंगर, दर सोमवारचे ५,००० रुपयांचे वाटप व सारासूट यांची नोंद करतो. त्याच वाटेने गेलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी रस्त्यावरील प्रेतांचे वर्णन करतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. मुमताजमहल जून १६३१ मध्ये येथेच मरण पावली.

जिझिया व मराठ्यांची स्वारी : औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजेने तटाबाहेरील बहादूरपुरा व इतर पुरे लुटले. सुभेदार खानजहान (वरील लोदी नव्हे) बाहेरगावी होता. कारभार पाहणारा काकरखान हाच जिझियाच्या वसुलीवरील अधिकारी, त्यामुळे कराचा रोष आणि लूट यांचा संबंध जोडला जातो. लुटीचे आकडे परस्परविरोधी असल्याने येथे दिलेले नाहीत. शहरातील मौलवी व प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज करून, संरक्षण न मिळाल्यास जुम्म्याचा नमाज बंद ठेवू असे कळविल्याचे इतिहासकार खाफीखान सांगतो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः येथे आला. तो उत्तरेकडे परत गेलाच नाही.

तहांचा काळ : १७१९ च्या मोगल सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांकडे आली, खानदेश त्यांत होता. १७२० मध्ये शहर निजामुल्मुल्कच्या ताब्यात गेले. म्हणजे कर एकाचा व अंमल दुसऱ्याचा. निजामाने शहरास तट घातला. १७४८ मध्ये तो येथेच वारला. उदगीरच्या लढाईनंतर (१७६०) शहर पेशव्यांकडे व पुढे शिंद्यांकडे आले. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतले आणि त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत दिले. १८६० मध्ये शिंद्यांशी झालेल्या अदलाबदलीत ते इंग्रजांकडे गेले.

कलाबतू व तारकशी : शहराचा खरा इतिहास प्रस्तुत नोंदकाराच्या मते या धंद्यात आहे. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवून तो तापवीत, ठोकीत. मग पोलादी जंत्रीच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत केसासारखी तार काढीत. ती चपटी केली की बादला, आणि रेशमी धाग्यावर गुंडाळली की कलाबतू. चांदीत भेसळ झाली तर तार काळवंडे आणि पागोट्या-शेल्यांचे मोल जाई. म्हणून धातूची पारख सरकारी देखरेखीखाली होई व तीवर कर असे. राज्ये बदलली तरी ही व्यवस्था इंग्रजी अमलापर्यंत चालू राहिली. येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. पुढे हा धंदा उतरला : सुरत मागे पडली, मुंबई पुढे आली, दरबारी पोशाखाची मागणी ओसरली. लोहमार्गाबरोबर गिरणीचे स्वस्त कापड आले.

गिरणी व यंत्रमाग : लालबागेतील तापी मिल १९०६ ची. १९७४ च्या आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्यानंतर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होती. १९८५ च्या कायद्याने कापडाचे काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरविला. तोवर शहर यंत्रमागांचे झाले होते. मोमीन-अन्सारी विणकरांची वस्ती मोठी.

नेपानगर : जिल्ह्यातील वृत्तपत्र-कागदाचा कारखाना, पं. नेहरूंच्या हस्ते १९५६ मध्ये उद्घाटन. सलई व बांबू हा मूळ कच्चा माल. आयातीवरील निर्बंध सैलावल्यावर त्याची घसरण झाली.

शेती : केळी, कापूस.

सीमा व भाषा : १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिले. पूर्व निमाड (खांडवा) जिल्ह्यातून १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला. मराठी व खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या लक्षणीय.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तापी मिलही बंद झाली.