शिष्टाईचें बळ आणि तिची मर्यादा

दुसऱ्याच्या राज्यांत चाललेल्या अन्यायाविषयीं परक्यानें बोलावें कीं बोलूं नये, हा वाद फार जुना आहे. कौरवसभेंत श्रीकृष्णाची शिष्टाई निष्फळ झाली, हें सर्वांच्या स्मरणांत असतें. परंतु तो ज्यांच्यासाठीं बोलत होता त्या पांडवांच्या सल्ल्यानें गेला होता, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. अलीकडच्या काळांत समलिंगी स्त्रीपुरुषांच्या व तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या बाबतींत राष्ट्राराष्ट्रांमधील शिष्टाईची जी परीक्षा झाली, तिचा निकाल लावतांना हीच गोष्ट उपयोगीं पडते. त्या इतिहासांतील तीन प्रकरणें येथें पाहूं.

पहिलें प्रकरण आफ्रिकेंतील मलावी देशाचें. २००९ सालच्या डिसेंबरअखेर ब्लांटायर शहरांत एका जोडप्यानें तेथील रीतीप्रमाणें वाङ्‌निश्चय केला. त्यांतील एक पुरुष होता. दुसरी व्यक्ति जन्मतः पुरुष गणली गेलेली, परंतु स्वतःस स्त्री मानणारी. लगेच दोघांस अटक झाली, आणि २० मे २०१० रोजीं न्यायाधीशानें प्रत्येकास १४ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. देशोदेशीं निषेध झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून मलावीच्या भेटीस आले होते. २९ मे रोजीं त्यांची भेट झाल्यावर राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनीं पाहुण्यांच्या समक्षच दोघांस माफी दिल्याचें जाहीर केलें. मात्र या दोघांनीं आपल्या संस्कृतीविरुद्ध, धर्माविरुद्ध व कायद्याविरुद्ध गुन्हाच केला आहे, अशी पुस्तीही त्यांनीं जोडली.

माणसें सुटलीं, कायदा हलला नाहीं. उलट, जानेवारी २०११ मध्यें स्त्रियांमधील समलिंगी संबंधही तेथें गुन्हा ठरले, आणि जून २०२४ मध्यें मलावीच्या न्यायालयानें जुनीं कलमें घटनेशीं विसंगत नाहींत असा निर्णय दिला. मग ती शिष्टाई व्यर्थ गेली काय? तुरुंगाचें दार ज्यांच्यासाठीं उघडलें, त्यांच्या बाजूनें पाहिल्यास तसें म्हणवत नाहीं.

संस्कृतीच्या नांवानें ज्या कायद्याचें रक्षण केलें जातें, तो मुळांत त्या भूमींतला नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. १८६० सालच्या हिंदुस्थानच्या दंडसंहितेंतील ३७७ व्या कलमाच्या धर्तीचीं कलमें इंग्रजांनीं आपल्या आफ्रिकेंतील वसाहतींतही लागू केलीं. राज्यकर्ते गेले, कलमें राहिलीं. एप्रिल २०१८ मध्यें ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनीं राष्ट्रकुलाच्या लंडन येथील संमेलनाच्या वेळीं या वारशाबद्दल खेद व्यक्त केला. परंतु त्यांचेच पूर्वाधिकारी डेव्हिड कॅमेरॉन यांनीं ऑक्टोबर २०११ मध्यें निराळाच सूर लावला होता: ब्रिटनची मदत घेणाऱ्यांनीं हे हक्क पाळले पाहिजेत. वसाहतीचा अनुभव घेतलेल्या राष्ट्रांच्या कानांस ही भाषा कशी लागली असेल, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

या धमकीस सर्वांत विचारपूर्वक हरकत घेतली ती आफ्रिकेंतील हक्कवादी कार्यकर्त्यांनींच. मदत तुटली तर दवाखाने व शाळा ओस पडतील, आणि तेथें आमचे लोकही जातातच. शिवाय मदत तुटल्याचें खापर आमच्याच माथीं फोडलें जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मानवी हक्क परिषदेनें या हक्कांविषयीं पहिला ठराव २३ विरुद्ध १९ मतांनीं संमत केला, आणि तो मांडणारें राष्ट्र दक्षिण आफ्रिका हें होतें. आफ्रिकेस हा विचार परका आहे, हें म्हणणें त्यामुळें पुरतें टिकत नाहीं.

दुसरें प्रकरण युगांडाचें. तेथें २००९ सालीं आलेल्या विधेयकांत कांहीं प्रसंगीं देहान्तशिक्षेची तरतूद होती. विरोधानंतर ती गळली, जन्मठेप उरली. आणि २४ फेब्रुवारी २०१४ रोजीं राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनीं पत्रकारांच्या देखत त्यावर सही केली. पाश्चात्त्यांच्या दडपणास आपण भीक घालीत नाहीं, हें जगास दाखविण्याचा तो सोहळा होता. जागतिक बँकेनें ९ कोटी डॉलरांचें कर्ज रोखलें. पण तें आरोग्यसेवेसाठीं, त्यांतही माता व नवजात बालकें यांच्यासाठीं होतें! अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजीं तो कायदा रद्द झाला, तो युगांडाच्याच न्यायालयांत, तेथील नागरिकांनीं केलेल्या अर्जावरून. कारण एवढेंच कीं, विधेयक संमत होतांना सभागृहांत गणपूर्ति नव्हती. असा तांत्रिक विजय अल्पायुषी ठरतो. मे २०२३ मध्यें देहान्तशिक्षेसह नवा कायदा आला. बँकेनें ऑगस्टमध्यें नवीं कर्जें थांबविलीं आणि २०२५ सालीं तीं पुन्हा सुरू करण्याचें ठरविलें. कायदा मात्र रद्द झाला नव्हता.

तिसरें प्रकरण याहून जुनें, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यांतील. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें व्यक्तिशः तक्रार करण्याची वाट ऑस्ट्रेलियांतील नागरिकांस २५ डिसेंबर १९९१ रोजीं खुली झाली, आणि त्याच दिवशीं निकोलस टूनन या टास्मानियांतील कार्यकर्त्यानें आपली तक्रार गुदरली. मार्च १९९४ मध्यें मानवी हक्क समितीनें त्याच्या बाजूनें मत दिलें. समितीपाशीं ना सैन्य, ना खजिना; पण ज्या करारावर ऑस्ट्रेलियानें स्वतः सही केली होती, तो तिच्या हातीं होता. त्याच वर्षीं मध्यवर्ती संसदेनें कायदा केला, आणि अडून बसलेल्या टास्मानियानेंही १९९७ सालीं जुनीं कलमें काढून टाकलीं. तेथें स्वतंत्र न्यायालयें व मोकळीं वृत्तपत्रें होतीं, म्हणून हें साधलें, हेंही खरें.

या तिन्ही प्रकरणांवरून परक्यानें गप्प बसावें, असा बोध घेणें म्हणजे मलावींतील त्या दोघांस तुरुंगांतच सोडून देणें होय. परंतु परका बंदिवानास सोडवूं शकतो, कायदा बदलूं शकत नाहीं. तें काम त्या देशांतील माणसांचेंच. आपल्याकडील ३७७ व्या कलमाची या बाबतींतील सत्ता ६ सप्टेंबर २०१८ रोजीं संपली, तीही येथील नागरिकांनीं येथल्याच सर्वोच्च न्यायालयांत दीर्घकाळ झगडून. तेव्हां बोलण्यापूर्वीं ज्यांच्यासाठीं बोलावयाचें त्यांस विचारावें, आणि त्यांनीं गप्प राहावयास सांगितलें तर तेंही ऐकावें. आपल्या सभागृहांत टाळ्या मिळविणें सोपें असतें. त्या टाळ्यांची किंमत दूरच्या एखाद्या कोठडींत कोणी तरी मोजीत असतें.