गधेगाळ : दगडावर कोरलेली शिवी

वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं आणि खाली एका स्त्रीवर चढलेलं गाढव. कोकणात आणि घाटावर गावाच्या शिवेवर, देवळाच्या आवारात असे दगड सापडतात. त्यांना म्हणतात गधेगाळ. दगडावर नोंदलेलं दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ही शिवी आहे, आणि चंद्र-सूर्य असेतो ती लागू राहायची.

मुंबईच्या उपनगरालाही अशी एक शिवी मिळालेली आहे. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख इ.स. 1187चा. षट्षष्टीतल्या, म्हणजे साष्टीतल्या, माहवली गावातल्या एका वाडीच्या उत्पन्नातून 24 द्रम्म (तेव्हाची नाणी) वैद्यनाथाच्या पूजेसाठी राजाने तोडून दिले. हे माहवली म्हणजे बहुधा चेंबूरपलीकडचं माहूल. आज तिथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत.

लेख संस्कृतात आहे, पण धमकीपाशी येताच तो मराठी बोलू लागतो. जो हे शासन मोडील त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा भाला पडो. पुढे आई आणि गाढव. संस्कृत दानपत्रांतला नेहमीचा शाप असा, की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होतो. पण तो मेल्यानंतरचा हिशेब. वसुलीला आलेल्या माणसाला त्याची काय फिकीर! आईवरची शिवी जिवंतपणीच झोंबते. शिवाय ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्र कळतं. गुन्हा बाप्याचा आणि विटंबना बाईची, ही रीत मात्र तेव्हाही जुनीच असावी.

आता नावाकडे वळू. संस्कृत गर्दभाचा प्राकृतात गड्डह झाला (हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या व्याकरणात तो नोंदला आहे) आणि त्याचं मराठीत गाढव. ‘गाळ’वर दोन मतं आहेत. हा शब्द संस्कृत गालि, म्हणजे शिवी. किंवा कन्नड कल्लु, म्हणजे दगड. बोरिवलीजवळ एकसरला जहाजांच्या लढाईचे वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मारक-दगड, आहेत. त्यांतला ‘गळ’ हाच कन्नड दगड. त्यावरून काहीजण ‘गधेगळ’ लिहितात. मला ‘गाळ’ पटतो. वीरगळावर वीर गाजतो, इथे गाढव गाजत नाही, गाजते ती शिवी.

गाढवाच्या चित्राचा आणखीही अर्थ लावतात: स्त्री म्हणजे भूमी, आणि तिच्यावर गाढव म्हणजे नापीक होण्याचा शाप. हा अर्थ अगदीच ओढूनताणून नाही. शत्रूच्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवायची चाल होती. 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवं जुंपून नांगरलं, असं सांगतात. पुढे जिजाबाईंनी त्याच जमिनीत सोन्याचा नांगर धरवला तो त्यावरचा उतारा म्हणूनच, अशी कथा आहे.