भयाचे वैद्य

चिंतारोगाची चिकित्सा ही एकाच विद्येची मिरास आहे, असा समज आढळतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. १८९५ सालीं या रोगास मज्जादौर्बल्याहून वेगळें स्थान देणारा फ्रॉइड मूळचा मज्जातंतूंचा वैद्य. दुसऱ्या महायुद्धांत खचलेल्या सैनिकांस औषधांनीं गुण येईना, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा लष्करी डॉक्टर वोल्पे पुढें प्रयोगशाळेंत मांजरांच्या भयाचा अभ्यास करूं लागला. सिडनीच्या क्लेअर वीक्स यांनीं तर सरड्यांवरील संशोधनानें प्राणिशास्त्रांत नांव मिळविलें होतें. स्वतःच्याच हृदयाच्या धडधडीनें त्यांना या भयाची ओळख झाली. १९४५ मध्यें त्या डॉक्टर झाल्या, आणि भयाशीं न झगडतां त्यास सामोरें जाण्याची रीत त्यांनीं १९६२ च्या ग्रंथांत सांगितली. वाटा तीन, परंतु रोग्याचें भय खोटें नव्हे, हा विश्वास तिघांचाही एकच.