एदोकालीन शुभेच्छापत्रांतील जलचर : शब्द आणि ठसा

जपानच्या चित्रमुद्रणाचा इतिहास सांगताना दुकानात विकावयास ठेवलेल्या रंगीत ठशांचाच विचार बहुधा केला जातो. नट, गणिका, प्रवासातील देखावे हे त्यांचे विषय. परंतु त्याच एदो नगरात, त्याच कारागिरांच्या हातून, विक्रीसाठी नव्हे तर केवळ भेट देण्यासाठी तयार होणारा एक वेगळा छापही होता. त्याला ‘सुरिमोनो’ म्हणत. ‘सुरु’ म्हणजे छापणे व ‘मोनो’ म्हणजे वस्तू. सुरिमोनो म्हणजे ‘छापील वस्तू’. नाव इतके साधे, की त्यावरून त्या वस्तूच्या श्रीमंतीची कल्पनाही येऊ नये. नववर्षाच्या प्रारंभी कविमंडळांतील सभासद आपापल्या कविता व त्यांना साजेसे चित्र एका जाड कागदावर छापवून घेत आणि स्नेह्यांना वाटत. सुमारे 1790 ते 1835 हा या प्रथेचा बहराचा काळ होय.

या प्रथेचे मूळ पंचांगात आहे. जुन्या जपानी चांद्र-सौर कालगणनेत कोणते महिने 30 दिवसांचे व कोणते 29 दिवसांचे हे दरवर्षी बदलत असे. पंचांग छापण्याचा अधिकार मात्र मोजक्यांनाच होता. तेव्हा हौशी लोकांनी मोठ्या-लहान महिन्यांचे आकडे चित्रातील वस्त्रांच्या नक्षीत लपवून ती चित्रे एकमेकांना देण्यास आरंभ केला. 1765 साली या देवघेवीला एवढी चढाओढीची कळा आली, की सुझुकी हारुनोबू याच्या हातून अनेक रंगांचा पूर्ण ठसा तिच्यातूनच सिद्ध झाला. म्हणजे बहुरंगी जपानी मुद्रणाचा उगम बाजारात नसून नववर्षाच्या भेटीत आहे. ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

सुरिमोनोवरील कविता ‘क्योका’ या प्रकारच्या असत. ‘क्यो’ म्हणजे वेडा, ‘का’ म्हणजे गीत. अभिजात काव्याचाच 31 मात्रांचा साचा घ्यावयाचा आणि त्यात श्लेष, विडंबन व नगरातील बोलभाषा भरावयाची, अशी ही रीत. सरकारी नोकरीतील सामुराई, तांदळाचे व्यापारी, कारागीर व नट टोपणनावे धारण करून एकाच मंडळात बसत. जन्माने आखलेल्या समाजात ही बैठक लहान गोष्ट नव्हती. योमो मंडळाचा मूळ पुरुष ओता नानपो (1749–1823) हा स्वतः शोगुनच्या सेवेतील होता.

अशा शब्दप्रिय मंडळींना समुद्रातील जीव का आवडावेत, याचे उत्तर भाषेतच सापडते. तांबड्या ‘ताइ’ माशाचे चित्र काढले की ‘मेदेताइ’ म्हणजे ‘मंगल’ हा शब्द आपोआप ओठांवर येतो. व्युत्पत्तीने या दोहोंचा काडीचाही संबंध नाही. ‘मेदेताइ’चे मूळ ‘कौतुक करणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जाते. हेरिंग माशाच्या गाबोळीस ‘काझुनोको’ म्हणतात. हेरिंगचे जुने नाव ‘कादो’. त्याचे ‘को’, म्हणजे पिल्लू, हा मूळ अर्थ. पण लिहिताना ‘संख्या’ व ‘मूल’ ही चिन्हे योजली गेली आणि गाबोळी बहुसंततीच्या आशीर्वादाची खूण झाली. शेवंडीच्या बाबतीत तर लिपीनेच काम केले आहे. ‘एबी’ हा शब्द ‘समुद्र’ व ‘वृद्ध’ या दोन चिन्हांनी लिहितात. लांब मिशा व वाकलेली पाठ यांमुळे शेवंड हा समुद्रातला म्हातारा ठरला, आणि नववर्षी तिचे चित्र पाठविणे म्हणजे पाठीला बाक येईपर्यंत जगा असे म्हणणे झाले. मराठी वाचकास हे परके वाटू नये. ‘स्नेह’ शब्दाचे तेल व माया हे दोन अर्थ नसते, तर संक्रांतीच्या तिळाचे महत्त्व निम्म्याने उणे झाले असते.

हे पत्र घडे कसे? चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद रानटी चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवून कोरक्या रेषा तेवढ्या उठावात ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. प्रत्येक रंगाला निराळा ठसा लागे आणि कागद सरकू नये म्हणून फळीच्या कडेस ‘केन्तो’ नावाच्या खाचा केलेल्या असत. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला मऊ, जाड, किंचित ओलसर कागद ठशावर ठेवून त्याच्या पाठीवर ‘बारेन’ फिरविला जाई. बारेन म्हणजे बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चपटी गोल चकती. यंत्राचा दाब कोठेच नाही. सारा दाब मनगटाचा. विक्रीच्या ठशात खर्चाकडे पाहावे लागे, भेटीच्या ठशात ते बंधन नव्हते. म्हणून येथे अभ्रकाची पूड आली, सोन्याचा भास देणारी पितळेची पूड आली, आणि शाई न लावता नुसत्या दाबाने कागदावर उठाव आणण्याची ‘काराझुरी’ ही युक्ती आली. शिंपल्यावरील कंगोरे दाखविण्यास याहून योग्य साधन नाही. पांढऱ्या कागदावरील पांढरा शिंपला डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळतो.

शिंपल्यांच्या छापांचा मानदंड कितागावा उतामारो याच्या ‘शिओही नो त्सुतो’ या 1789 च्या सुमाराच्या क्योकासंग्रहाने घालून दिला. पुढे 1821 साली कात्सुशिका होकुसाइ (1760–1849) याने योमो मंडळासाठी शिंपल्यांच्या नावांवर आधारलेली 36 पत्रांची मालिका केली. तिच्यामागे ‘काइआवासे’ हा जुना खेळ आहे. त्यात शिंपल्याच्या दोन दलांची जोडी जुळवावयाची असते. एका शिंपल्याचे दल दुसऱ्याशी कधीच जुळत नाही. होकुसाइने शिंपला काढलाच पाहिजे असे मानले नाही. शिंपल्याचे नाव घ्यावयाचे आणि त्या नावाने सुचणारी भलतीच वस्तू काढावयाची, असा त्याचा मार्ग आहे. चित्र हे येथे कोडे आहे आणि कविता त्याची किल्ली. होकुसाइचा शिष्य होक्केइ (1780–1850) हा पूर्वी मासे विकत असे व ‘तोतोया’ हे नाव त्याने अभिमानाने मिरविले. ‘तोतो’ हा माशासाठी लहान मुलांच्या तोंडचा शब्द आहे. उतागावा हिरोशिगे याची 1830च्या दशकातील प्रसिद्ध मत्स्यमालाही प्रथम क्योकाकवींसाठीच निघाली. पुढे ती दुकानात आली.

1833 ते 1837 च्या दुष्काळात या हौशीला ओहोटी लागली. पाठोपाठ तेम्पो सुधारणा आल्या. 1842 मध्ये विक्रीच्या ठशांतील रंगांच्या संख्येवर व किमतीवर निर्बंध घालण्यात आले. त्याच वर्षी थोर नट सातवा इचिकावा दांजूरो यास ऐषारामाच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केले गेले. तो स्वतः क्योका-मंडळांत रमणारा. आणि त्या वेळी त्याचे रंगभूमीवरील नाव होते ‘एबिझो’, ज्यात तीच शेवंड आहे.

खरी हानी मात्र पुढेच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य संग्राहकांना चित्र हवे होते, अक्षरे नको होती. मोठ्या आकाराच्या अनेक सुरिमोनोंवरील कवितांचा अर्धा भाग कापून फेकला गेला. 1890च्या दशकात शिंपल्यांच्या मालिकेसारख्या छापांच्या नकलाही निघाल्या. या गोष्टीचा दोष केवळ परदेशीयांवर टाकणे न्याय्य नव्हे. 1900 साली जपानी शाळांत कानालिपीचे एकेकच रूप ठरविण्यात आले. तेव्हापासून जुनी प्रवाही, जोडाक्षरी वळणे सामान्य जपानी वाचकालाही अनोळखी झाली. आजोबांनी पाठविलेले पत्र नातवाला चित्र म्हणूनच पाहावे लागले. शेवंड दिसते, पण ती काय म्हणते हे कळत नाही.

डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहाची रॉजर कीज यांनी केलेली सूची 1985 साली प्रसिद्ध झाली. अशा कामांमुळे कविता व चित्र पुन्हा एकत्र वाचली जाऊ लागली. दरम्यान जपानने 1873 पासून पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली, त्याच वर्षअखेरीस टपालकार्ड आले आणि नववर्षाची भेट पोस्टाच्या पेटीत शिरली. 1977 मध्ये ‘प्रिंट गोक्को’ हे घरगुती छापयंत्र निघाले. त्याची विक्री 2008 मध्ये थांबेपर्यंत घरोघरी जेवणाच्या मेजावर अशी पत्रे छापली जात. भेटवस्तूंवर मात्र आणखी एक जलचर टिकून आहे. आवाबी नावाच्या शिंपल्यातील प्राण्याचे मांस ताणून, वाळवून त्याची पट्टी भेटीस बांधीत. ‘ताणणे’ या क्रियापदावरून ती ‘नोशी’. आज बहुतेक ठिकाणी ती कागदावर छापलेली पिवळी रेघ असते. तरीही ताजे मासे भेट देताना ती लावू नये असा संकेत आहे, कारण समुद्रातील भेटीवर समुद्रातीलच भेट चढविणे म्हणजे द्विरुक्ती.