नुसतं चिन्ह बघून बटण दाबताय? आधी उमेदवार तपासा. माहिती मोबाईलवरच मिळते

सोलापूर : ‘आमचं घर पहिल्यापासून याच चिन्हाचं,’ असं गावोगावच्या पारावर हमखास ऐकायला मिळतं. पण चिन्ह तेच राहिलं तरी त्यामागचा माणूस तोच राहतो असं नाही. याचं ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

बार्शीत काय घडलं?

२०१४ ला दिलीप सोपल घड्याळावर निवडून आले. २०१९ ला ते धनुष्यबाणावर लढले आणि अपक्ष राजेंद्र राऊत यांनी त्यांना हरवलं. पुढे २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २०२४ ला सोपल मशालीवर लढून जिंकले, तर धनुष्यबाण होता राऊत यांच्याकडे. म्हणजे ज्याने दोन्ही वेळा धनुष्यबाणाचं बटण दाबलं, त्याचं मत एकदा सोपलांना आणि एकदा राऊतांना गेलं. हे विचार करून केलं असेल तर प्रश्न नाही. पण सवयीने झालं असेल तर मत कुणाला गेलं, हे देणाऱ्यालाच ठाऊक नाही.

सांगोल्याचं उदाहरण वेगळं. गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण ११ वेळा निवडून आले, तेही एकाच शेतकरी कामगार पक्षातून. तरी १९७२ आणि १९९५ ला त्याच मतदारांनी त्यांना हरवलंही. पक्ष तोच, माणूस तोच, पण मत गृहीत धरता आलं नाही.

मग पक्ष बघायचाच नाही का?

बघायचा. विधानसभेत आणि लोकसभेत पक्षाने व्हीप काढला की आमदार-खासदाराला त्याप्रमाणे मत द्यावं लागतं. नाहीतर पक्षांतरबंदी कायद्याने पद जाऊ शकतं. त्यामुळे पक्षाचं धोरणही महत्त्वाचं. पण पक्ष बघून थांबू नये, माणूसही बघावा.

उमेदवाराची कुंडली कुठे मिळते?

विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. निवडणूक आयोगाच्या ‘नो युवर कँडिडेट’ सुविधेवर ते फुकट बघता येतं. त्यात हे तपासावं :

- गुन्हे : किती खटले चालू आहेत, कोणत्या कलमाखाली. आंदोलनातला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच तराजूत तोलू नये.
- मालमत्ता : स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची. मागच्या निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवलं की वाढ लगेच दिसते.
- देणी : बँकेचं कर्ज आणि सरकारी थकबाकी.
- शिक्षण आणि व्यवसाय.

खोटी माहिती दिली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

आपल्याकडे बरेच उमेदवार साखर कारखान्याशी जोडलेले असतात. कायद्याने उसाची एफआरपी १४ दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कोणत्या कारखान्याने किती पैसे दिले आणि किती थकवले, याची माहिती पुण्याचं साखर आयुक्तालय प्रसिद्ध करतं. भाषणापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

कोणाला काय विचारायचं?

गावातली गटार, दिवाबत्ती, नळाचं पाणी हे ग्रामपंचायतीचं काम. ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही, तिथे तर माणूसच बघायचा. प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. आमदार आणि खासदार दोघांनाही स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. तो कोणत्या गावात, कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारता येतं. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं, म्हणून अर्ज निवडणूक लागायच्या आधीच टाकावा.

दबाव आला तर?

‘मत दिलं नाही तर बघून घेऊ’ अशी भीती घातली जाते. कोणत्या बूथवर कुणाला किती मतं पडली हे मोजणीनंतर कळतं. पण कोणी कुणाला मत दिलं हे कळत नाही. घरातल्या सुनेचं, सासूचं, मुलाचं मत वेगवेगळं असलं तरी ते ज्याचं त्याच्यापाशीच राहतं. पैसे किंवा वस्तू वाटताना दिसल्यास ‘सी-व्हिजिल’ सुविधेवर फोटो किंवा व्हिडिओ टाकून तक्रार करता येते.

कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. विधानसभा-लोकसभेला नोटाला जास्त मतं पडली तरी निकाल बदलत नाही, पुढचा उमेदवारच निवडून येतो.

मतदानाच्या दिवशी

यादीत नाव आहे का, हे आधीच १९५० या क्रमांकावर विचारून घ्यावं. विधानसभा-लोकसभेच्या मतदान यंत्रावर चिन्हासोबत उमेदवाराचं नाव आणि फोटोही असतो. बटण दाबण्याआधी तिन्ही बघावं. दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटवर ७ सेकंद चिठ्ठी दिसते. मत बरोबर गेलं का, ते तिथेच वाचून मग बाहेर पडावं.

बैल घेताना दात बघतो, बियाणं घेताना पिशवीवरची तारीख बघतो. पाच वर्षांसाठी माणूस निवडताना अर्धा तास द्यायला काय हरकत आहे?