बांधापलीकडची हवा

‘सीमेवरील किमती दिलेल्या आहेत, असे मानू.’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही. संगणकीय गणित शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. चौकोनाच्या आत उष्णता कशी पसरते हे काढायचे असेल, तर त्याच्या चारही कडांवर काय चालले आहे ते आधी ठाऊक लागते. ते कळले की आतले सारे पायरीपायरीने निघते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘‘पण सर, या किमती देतं कोण?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या पायरीकडे वळलो.

२६ जुलै २००५ नंतर तो प्रश्न परत आठवला. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला जेमतेम ७३. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांतला एवढा फरक आदल्या दिवशी सांगता येईल का, या कुतूहलापोटी मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता युरोपात जाऊन पोहोचलो. तिथले लहान लहान देश खांद्याला खांदा लावून बसलेले आहेत. एक-दोन दिवस पुढचे, पण बारकाव्याचे अंदाज कसे करावेत या प्रश्नावर त्यांच्या हवामानसेवा कित्येक दशके मिळून काम करत आल्या आहेत. ‘देतं कोण?’ हा तिथे गणितापेक्षा शेजारधर्माचा, पैशाचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

आधी थोडे गणित. हवेवर कल्पनेने एक जाळी टाकायची आणि तिच्या प्रत्येक चौकटीतील दाब, वारा, तापमान, बाष्प यांची पुढची स्थिती भौतिकशास्त्राच्या नियमांनी काढायची, हे संगणकी अंदाजाचे सार. साऱ्या पृथ्वीवर जाळी टाकली तर कडांचा प्रश्नच येत नाही. पृथ्वी गोल आहे. पण जाळी बारीक करणे महाग असते. चौकटीची बाजू निम्मी केली की गणिताचे काम साधारण आठपट होते, कारण लांबी-रुंदीबरोबर काळाची पावलेही लहान करावी लागतात. म्हणून बारकावा हवा असेल तर पृथ्वीचा एक लहान तुकडा घ्यायचा. तुकडा घेतला की त्याला कडा आल्या.

स्लोव्हेनिया हा देश पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीहून थोडासाच मोठा. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ताशी पन्नास किलोमीटरने सरकणारी ढगांची फळी तो पाच तासांत ओलांडते. म्हणजे आज संध्याकाळी स्लोव्हेनियात असणारी हवा आत्ता इटलीत किंवा ऑस्ट्रियात आहे. बांधावरून दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वरच्या शेतातून पाणी किती आणि कधी येणार हे ठाऊक नसेल, तर आपल्या वाफ्यांचा हिशोब कितीही चोख असून उपयोग नाही.

हा शेजारधर्म या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. ब्रिटिश गणिती लुईस फ्राय रिचर्डसन याने जगातला पहिला संख्यात्मक अंदाज हाताने मांडला, तो २० मे १९१० या दिवसाचा. तोच दिवस का? कारण त्या सुमारास अनेक देशांनी ठरवून एकाच वेळी निरीक्षणाचे फुगे सोडले होते, आणि मध्य युरोपवरच्या हवेची उभी-आडवी माहिती लायप्झिगमध्ये एकत्र झाली होती. चारच वर्षांनी हे देश एकमेकांवर तोफा डागू लागले. रिचर्डसन क्वेकर पंथाचा, त्यामुळे शस्त्र हाती घेणार नव्हता. फ्रान्सच्या आघाडीवर तो रुग्णवाहिका चालवू लागला आणि सवड मिळेल तेव्हा हे गणित करत राहिला. धुमश्चक्रीत हस्तलिखित हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. उत्तर मात्र साफ चुकले होते: सहा तासांत दाब १४५ हेक्टापास्कलने वाढेल असे निघाले, प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. तरीही त्याने १९२२ साली हे सारे चुकीसकट छापले. चूक छापण्याचे हे धैर्य मला त्याच्या गणितापेक्षा मोठे वाटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पुढची पन्नास वर्षे भरभर ओलांडतो. संगणक आले, १९५०च्या दशकात स्वीडनने रोजच्या वापराचा पहिला संगणकी अंदाज काढला, इतर देश मागोमाग आले. ऑक्टोबर १९७३मध्ये युरोपीय देशांनी एका सामायिक केंद्राच्या करारावर सह्या केल्या. इंग्लंडमधल्या रेडिंगला ते उभे राहिले आणि १ ऑगस्ट १९७९पासून त्याचे नियमित अंदाज सुरू झाले. या केंद्राकडे मध्यम मुदतीचे, म्हणजे आठवडाभर पुढचे काम देण्यात आले. आज-उद्याचा अंदाज प्रत्येक देशाने स्वतःकडेच ठेवला.

वरवर पाहता हा हेकटपणा. हवा एक, भौतिकशास्त्र एक, मग एकच मॉडेल करून सगळ्यांना का वाटू नये? पण आठवड्यानंतरचा अंदाज चुकला तर लोक विसरतात. उद्याचा चुकला तर माणसे मरतात. विमानतळाला, मच्छीमारांना, पूरनियंत्रणाला इशारा देण्याची कायदेशीर जबाबदारी ज्या सेवेवर आहे, तिला ज्याच्या आधारावर इशारा द्यायचा ते यंत्र आपल्या हातात हवे असते. वादळ आले आणि इशारा नव्हता, तर संसदेत उभे राहायचे असते ते आपल्याच मंत्र्याला. रेडिंगच्या संचालकाला नव्हे.

एकट्याने करणे मात्र परवडणारे नव्हते. मग गट पडले. १९८५ साली उत्तरेकडच्या देशांनी नेदरलँड्सला बरोबर घेऊन ‘हिरलॅम’ सुरू केला. पुढे आयर्लंड आणि स्पेन त्यात आले. १९९८मध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि ग्रीस यांचा ‘कॉस्मो’ झाला. ब्रिटिशांनी आपले ‘युनिफाइड मॉडेल’ घेऊन वेगळी चूल मांडली. ब्रिटिशच ते.

मला सर्वांत ओढ लावणारी कहाणी ‘अलादीन’ची आहे. बर्लिनची भिंत पडल्याला वर्षही झाले नव्हते, तेव्हा १९९० साली फ्रान्सच्या हवामानसेवेने मध्य आणि पूर्व युरोपातल्या सेवांपुढे प्रस्ताव ठेवला. त्यांच्याकडे उत्तम शिकलेले गणिती होते, पण यंत्रे नव्हती आणि पैसाही नव्हता. तयार अंदाज फ्रान्सने फुकट दिले असते तर तो दानधर्म ठरला असता. ज्यां-फ्राँस्वा जेलँ या वैज्ञानिकाच्या पुढाकाराने ठरले ते निराळेच: तुमची माणसे तुलूझला पाठवा, कोड मिळून लिहू आणि तो सगळ्यांचा असेल. कोणी किती माणूस-महिने दिले याचा हिशोब ठेवला जाई, पण कोड प्रत्येकाला अख्खा मिळे. प्राग, बुडापेस्ट, बुखारेस्ट, सोफिया इथली तरुण मुले-मुली तुलूझला येऊन राहिली आणि तोच कोड घेऊन घरी परतली. कडांवरच्या किमती त्यांना फ्रान्सच्या जागतिक मॉडेलकडून मिळत.

या काळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. युगोस्लाव्हियात युद्ध पेटले होते, चेकोस्लोव्हाकियाचे १९९३च्या पहिल्या दिवशी दोन देश झाले. पण चेक आणि स्लोव्हाक, स्लोव्हेनियन आणि क्रोएशियन हवामानसेवा याच एका कोडवर काम करत राहिल्या. त्यांनी ऑस्ट्रिया आणि हंगेरीसह ‘लेस’ नावाचा उपगटही केला. घर वाटले गेले, विहीर सामाईक राहिली.

याच दशकात उलटा वाराही वाहत होता. सरकारांनी हवामानसेवांना ‘कमवा’ असे सांगितले आणि निरीक्षणे विकण्याची भाषा सुरू झाली. काय मुक्त आणि काय विकाऊ यावर इतकी खेचाखेच झाली, की १९९५ साली जागतिक हवामान संघटनेला त्यावर खास ठराव करावा लागला. त्याच वर्षी युरोपीय सेवांची ‘युमेटनेट’ ही जुळणी उभी राहिली, आणि अल्पमुदतीच्या अंदाजांवरील संशोधनाचा समन्वय तिच्या छत्राखाली आला. या समन्वयाला कोणालाही हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. १९७९पासून दरवर्षी भरणारी संशोधकांची बैठक, काही तज्ज्ञगट आणि भरपूर पत्रव्यवहार, एवढेच भांडवल.

एवढ्याशा भांडवलावर काय साधले? मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात.

२६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ वादळ अटलांटिकवरून आले आणि पॅरिस, दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड झोडपून गेले. दुसऱ्याच दिवशी मागोमाग ‘मार्टिन’ आले. दोन्ही मिळून शंभराहून अधिक माणसे गेली. जर्मन सेवेच्या मॉडेलला लोथारचा जोर पकडता आला नव्हता, आणि तिच्यावर सडकून टीका झाली. एकाच मॉडेलवर भिस्त ठेवण्यातला धोका उघडा पडला. पुढे काही वर्षांनी त्याच जर्मन सेवेने समन्वयातून एक साधी युक्ती अमलात आणली. वीसहून अधिक राष्ट्रीय सेवा आपापला अंदाज रोज काढतच होत्या. ते सगळे एका ठिकाणी मागवायचे आणि एकमेकांवर ठेवून पाहायचे. सगळ्यांचा सूर जुळला तर भरवसा जास्त, पांगापांग असेल तर सावध राहायचे. या पद्धतीला ते स्वतःच ‘गरिबाचा समूह-अंदाज’ म्हणत. इतकी वर्षे उधळपट्टी म्हणून जिची टर उडवली गेली, ती मॉडेलांची बहुगर्दीच इथे कामी आली.

दुसरी गोष्ट दिसायला अगदीच कारकुनी आहे: फाइली. एका गटाच्या मॉडेलचे उत्तर दुसऱ्याच्या कडेवर लावायचे तर दोघांना एकमेकांचे लिहिलेले वाचता यायला हवे. एकाच्या मॉडेलमध्ये जमिनीचे थर दोन, दुसऱ्याच्यात सात-आठ. दोघेही ‘जमिनीतला ओलावा’ म्हणतात, पण दोघांचा अर्थ वेगळा. उंची मोजण्याची रीत वेगळी, डोंगर किती गुळगुळीत केले तेही वेगळे. हे सारे एकमेकांत उलथता यावे म्हणून समान मांडणी आणि भाषांतर करणारे प्रोग्रॅम लिहिण्याचा खास उपक्रम २००८च्या सुमारास हाती घेण्यात आला. बक्षीस मिळावे असे हे काम नाही. पण आपल्याकडे सात-बाऱ्याची एक नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या नोंदीशी जुळवताना काय होते हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना त्याची किंमत कळेल.

पुढे जाळी बारीक होत गेली. डिसेंबर २००८मध्ये फ्रान्सने अडीच किलोमीटरच्या चौकटीचे ‘अरोम’ रोजच्या वापरात आणले. गडगडाटी ढग आता थेट जाळीत दिसू लागले. हिरलॅम आणि अलादीन आधीच एकमेकांजवळ सरकले होते. २०२१च्या आरंभी ते दोघे आणि लेस मिळून ‘अकॉर्ड’ झाला. त्यात २६ देश, भूमध्य समुद्रापलीकडचे मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियाही. जानेवारी २०२४मध्ये जर्मनांनी आपल्या ‘आयकॉन’ मॉडेलचा कोड सर्वांसाठी खुला केला. ब्रिटिशांचे युनिफाइड मॉडेलही आता एकटे नाही. नोएडातले आपले राष्ट्रीय केंद्र त्याच्या भागीदारांपैकी एक आहे. मॉडेलांची संख्या घटते आहे, आणि कारणही समजण्यासारखे आहे. महासंगणकांची रचना बदलली की लाखो ओळींचा कोड नव्याने लिहावा लागतो, आणि ते जाणणारी माणसे मोजकीच असतात. तरीही लोथारची गोष्ट वाचल्यावर हा आकडा एकावर येऊ नये असे मला वाटते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला द्यायचे उत्तर मला या वाचनात मिळाले, आणि त्याला एक शेपूटही निघाले. शेजाऱ्याचे मोठे मॉडेल पूर्ण होऊन त्याचे आकडे हाती येईपर्यंत वेळ जातो, पण इशारा थांबू शकत नाही. म्हणून अनेक सेवा आपल्या कडांवर आधीच्या फेरीतले आकडे लावून गणित सुरू करतात. ही दरी कमी व्हावी म्हणून रेडिंगच्या केंद्राने दिवसातून दोन जादा फेऱ्यासुद्धा सुरू केल्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी तो धडा मी शेवटचा शिकवला. नेहमीच्या जागी फळ्यावर लिहिले: ‘सीमेवरील किमती शेजाऱ्याने दिल्या आहेत, आणि त्या सहा तास शिळ्या आहेत.’ या वेळी वर्ग हसला नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘सर, मग चूक आत शिरायला किती वेळ लागतो?’’ तो तास तिथेच संपला. उरलेले दोन तास आम्ही तेच मोजत होतो.