शेवटच्या कडव्यातलं नाव

दिवाळी सरली की भंडाऱ्याकडच्या गावांत मंडईची जत्रा भरते आणि रात्री खडी गंमत रंगते. शाहीर सवाल टाकतो, समोरचा जबाब देतो, लोक शेकोटीजवळ सरकत पहाटेपर्यंत ऐकतात. गाणं संपता संपता शाहीर शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि स्वतःचं नाव गुंफतो. चुकलं तर कुणाला धरायचं, हे लोकांना तिथे कळतं. हीच नाममुद्रा.

मुद्रा म्हणजे शिक्का. राजाच्या कागदावर तो वरून उमटवता यायचा. पण अभंग तोंडोतोंडी फिरायचा, त्याला कागदच नव्हता. म्हणून शिक्का ओळीच्या आतच बसवला, तोही असा की उपटला तर चाल लंगडी पडावी.

वैनगंगेकाठचं अंभोरा कागदोपत्री नागपूर जिल्ह्यात. पाणी ओलांडलं की भंडारा. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असं इकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. अंबेजोगाईकर त्यांच्याकडची समाधी दाखवतात. ग्रंथात कवीचं नाव आहे, गुरुपरंपरा आहे, शके 1110 (इ.स. 1188) आहे, तरी वाद चालूच. नुसतं नाव लिहून भागत नाही, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

संतांनी तर खरं नाव द्यायचा हट्ट कधी धरलाच नाही. नारायण सूर्याजी ठोसर ‘रामदास’ झाले. एकनाथांनी गुरूला जोडीला घेऊन ‘एका जनार्दनी’ केलं. ज्ञानदेवांच्या अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु’ येतो, म्हणजे सही चक्क विठ्ठलाची. सोयराबाई अनेक अभंगांत स्वतःचं नाव न घेता ‘चोखियाची महारी’ म्हणवते. नवऱ्याचं नाव आणि जात, दोन्ही उघड. स्वतः मात्र आड. मला सगळ्या मुद्रांत हीच जास्त बोचते.

शिक्का आला की खोटा शिक्काही येतो. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा एक जण त्यांचेच अभंग घेऊन शेवटी आपलं नाव ठोकायचा, असं सांगतात. आजची चोरी उलटी: ओळी स्वतःच्या, नाव तुकोबांचं. मोबाइलवर रोज सकाळी असे दोन तरी ‘तुका म्हणे’ येऊन पडतात. नामदेवांच्या बाबतीत तर लबाडीचीही गरज पडली नाही. पुढच्या काळात विष्णुदास नामा होऊन गेला आणि त्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली. दोघेही ‘नामा’च, निवडायचं कसं? वारकरी फडावरच्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला कोणती ओळ कुणाची ते कानाने कळायचं, कारण त्याने ती गुरूच्या तोंडून ऐकलेली असायची. भरवसा त्या ऐकण्यावर होता, नाव ही फक्त खूण.

मुद्रेवरून सगळ्यात मोठा वाद पेटला 1898च्या सुमारास, ‘सुधारक’ या वृत्तपत्रात. ज्ञानेश्वरी लिहिणारा नाथपंथी वेगळा आणि रखुमादेवीवराच्या मुद्रेने अभंग रचणारा वारकरी वेगळा, ज्ञानदेव दोन होते, असा दावा त्या लेखांनी केला. वारकरी खवळले, उत्तरं निघाली. लेख होते शिवराम एकनाथ भारदे यांचे. खाली सही मात्र ‘भारद्वाज’.